मनगटावर काय बांधावं? स्मार्टवॉचबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : ‘रोजच्या वापरासाठी कोणतं स्मार्टवॉच घ्यावं?’ एखादं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण एकाला सोयीचं घड्याळ दुसऱ्याच्या फोनला जोडतासुद्धा येत नाही. म्हणून नेमक्या अडचणी विचारणारी पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : माझा फोन अँड्रॉइडचा, पत्नीचा आयफोन. दोघांना एकसारखं घड्याळ घ्यायचं आहे. कोणतं पाहावं?

सेन्सर, पडदा, पट्टा हे सगळं नंतर. आधी फोन पाहायचा, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. ॲपल वॉच फक्त आयफोनसोबत चालतं. अँड्रॉइड फोनवरून ते सुरूही करता येत नाही. उलट सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच ४ (२०२१) आणि त्यानंतरची मॉडेल्स, तसंच गूगलचं पिक्सेल वॉच, आयफोनशी जोडता येत नाहीत. म्हणजे तुमच्या घरात ही तिन्ही नावं बाद. उरतात ती दोन्हीकडे चालणारी घड्याळं : गार्मिन, अमेझफिट आणि तशी इतर.

मात्र दोन्हीकडे चालतं याचा अर्थ दोन्हीकडे सारखंच चालतं असा नाही. तुमच्या घड्याळावर संदेश आला तर ‘येतोय’, ‘नंतर बोलू’ असं ठरावीक उत्तर बहुतेक मॉडेल्समध्ये मनगटावरूनच धाडता येईल. पत्नीच्या घड्याळावर तोच संदेश वाचता येईल, पण उत्तर देता येणार नाही, कारण आयफोन ही सोय बाहेरच्या घड्याळांना देत नाही. त्यांना उत्तरं देणं गरजेचं वाटत असेल तर एकसारख्या घड्याळाचा हट्ट सोडा. त्यांच्यासाठी ॲपल वॉचच योग्य.

आणखी एक बारकावा : गॅलेक्सी वॉच कोणत्याही अलीकडच्या अँड्रॉइड फोनला जोडलं जातं, पण त्यातलं ईसीजी आणि रक्तदाबाचं ॲप अधिकृतपणे सॅमसंगच्याच फोनवर चालतं. खोक्यावर ईसीजी लिहिलेलं असतं आणि घरी आल्यावर ते सुरूच होत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

प्रश्न : एका घड्याळाची बॅटरी १८ तास, दुसऱ्याची १४ दिवस. इतका फरक कसा? मग १४ दिवसांचंच घेणं शहाणपणाचं नाही का?

बॅटरीच्या आकारात फारसा फरक नसतो. बहुतेक घड्याळांत ती ३०० ते ५०० एमएएचच्या आसपास असते. फरक पडतो तो आत काय चालतं यामुळे. ॲपल, सॅमसंग, पिक्सेल यांच्या घड्याळांत पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिच्यावर बाहेरची ॲप्स चालतात, नकाशा उघडतो, बोलून मजकूर लिहिता येतो. १४ दिवस टिकणाऱ्या घड्याळात अगदी हलकी प्रणाली आणि कमी ताकदीचा प्रोसेसर असतो, आणि तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. वेळ, पावलं, ठोके, झोप, सूचना आणि फोन कॉल एवढ्यावर तुमचं भागत असेल तर हलक्या प्रणालीचं घड्याळ पुरेसं आहे, आणि आमच्या मते बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं.

पण खोक्यावरचे १४ दिवस तुम्हाला मिळतील असं धरू नका. तो आकडा पडदा सतत सुरू न ठेवता, मोजक्या सूचना आणि थोडासा जीपीएस धरून काढलेला असतो. पडदा कायम सुरू ठेवला की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. झोपेत रक्तातला ऑक्सिजन सतत मोजायला लावला की आणखी कमी होतं. जीपीएस सुरू असताना किती तास टिकतं हा आकडा वेगळा दिलेला असतो. चालायला, पळायला, सायकल चालवायला जाणाऱ्यांनी दिवसांपेक्षा तो पाहावा.

आता फार कमी लोक करतात तो हिशेब. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० ते १००० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. रोज चार्ज होणारं घड्याळ दीड ते तीन वर्षांत तिथे पोचतं, आणि १८ तासांचे ८० टक्के म्हणजे साडेचौदा तास. सकाळी सातला चार्जरवरून काढलेलं घड्याळ रात्री साडेनऊला मान टाकतं. दोन आठवड्यांनी एकदा चार्ज होणाऱ्या घड्याळाच्या वर्षाला फक्त २६ फेऱ्या होतात, आणि तिथे २० टक्के घटले तरी अकरा दिवस उरतातच. घड्याळ चार-पाच वर्षं वापरायचा विचार असेल तर ही गोष्ट कोणत्याही सेन्सरपेक्षा मोठी आहे.

रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ घेतलं असेल आणि झोपही मोजायची असेल, तर रात्रभर चार्जिंगची सवय मोडा. आंघोळीच्या वेळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास एवढं बहुतेक नव्या घड्याळांना पुरतं.

प्रश्न : उन्हात पडदा दिसत नाही. काय पाहून घ्यावं?

अमोलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) पडदा असेल तर कमाल उजेडाचा आकडा पाहा. तो निट्समध्ये दिलेला असतो. ५०० निट्सच्या आसपासचा पडदा भर उन्हात हाताने सावली धरून पाहावा लागतो. १००० च्या पुढे वाचन सोपं होतं, आणि महागड्या मॉडेल्समध्ये २००० ते ३००० निट्सपर्यंत मिळतं. गार्मिनच्या काही घड्याळांत एमआयपी नावाचा पडदा असतो. तो उन्हाचाच उजेड परतवतो, त्यामुळे ऊन जितकं कडक तितका स्पष्ट दिसतो आणि बॅटरीही जवळजवळ खात नाही. घरात मात्र तो फिका, रंगहीन वाटतो. दिवसभर शेतात, साइटवर किंवा रस्त्यावर काम असेल तर एमआयपी एकदा प्रत्यक्ष पाहाच.

अमोलेडमध्ये काळा भाग म्हणजे बंद असलेले ठिपके. म्हणून काळ्या पार्श्वभूमीची साधी डायल ठेवली की बॅटरी वाचते. एमआयपीला किंवा साध्या एलसीडीला याचा काही फायदा नाही.

प्रश्न : पळताना घड्याळ ठोके १७५ दाखवतं. त्याच वेळी छातीच्या पट्ट्यावर १४५ दिसतात. घड्याळ बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. ते तुमची पावलं मोजतंय. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत उजेड सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढलं की परतणारा उजेड किंचित कमी होतो. ही चढउतार अगदी बारीक असते. पट्टा सैल असला की घड्याळ पावलागणिक हलतं, बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि पावलांचा ठेका ठोक्यांच्या ठेक्यापेक्षा मोठा होऊन बसतो. पळताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात. घड्याळ १७० च्या घरात अडकून बसलं तर संशय इथेच घ्यायचा.

उपाय असा करा : व्यायामाला निघताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा आणि पट्टा एक घर घट्ट करा. पट्ट्याखाली बोट जेमतेम जावं, पण हात दुखू नये. थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करा. पाठीमागची काच घाम आणि क्रीमच्या थरापासून स्वच्छ ठेवा. मनगटावर गडद गोंदण असेल तर दुसऱ्या हातावर बांधून पाहा, कारण शाई उजेड अडवते.

इतकं करूनही वजनं उचलताना, दोरीच्या उड्या मारताना किंवा काही सेकंदांच्या जोरदार धावांत मनगटावरचा आकडा मागे पडतो. मूठ आवळली की मनगटातले स्नायू आणि शिरा हलतात, तिथे कोणत्याच कंपनीचं घड्याळ पूर्ण विश्वासाचं नाही. ठोक्यांवर बेतून सराव करणाऱ्याने छातीचा पट्टा घड्याळालाच ब्लूटूथने जोडावा. खरेदीआधी ही सोय आहे का ते विचारा, कारण स्वस्त घड्याळांत ती सहसा नसते. बसल्या-बसल्या, झोपेत आणि साध्या चालण्यात मात्र मनगटावरचा आकडा चांगलाच जुळतो.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांना रक्तदाब आणि साखर दोन्ही मोजणारं घड्याळ द्यायचंय. जाहिरातीत दोन्ही दिसतं.

साखर मोजणारं घड्याळ घेऊ नका. सुई न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा देऊन सांगितलं. अशा आकड्यावर विसंबून इन्सुलिन किंवा गोळी कमीजास्त केली तर जिवावर बेतू शकतं. दंडावर किंवा पोटावर चिकटवायचा, त्वचेखाली बारीक तंतू जाणारा सेन्सर ही वेगळी गोष्ट. त्याचा आकडा काही घड्याळांवर दिसतो, पण मोजणारा तो सेन्सर असतो, घड्याळ नव्हे. जाहिरातीत हे दोन मुद्दाम एकत्र केलेले असतात.

रक्तदाबाच्या बाबतीत तीन प्रकार वेगळे ओळखा. पहिला, पट्ट्यातच फुगणारी पिशवी असलेलं घड्याळ, उदाहरणार्थ हुआवेचं वॉच डी. ते मनगट आवळून खरोखरच दाब मोजतं. दुसरा, सॅमसंगसारखी पद्धत. इथे दंडाच्या यंत्राने आधी मोजून घड्याळाला तो आकडा शिकवावा लागतो आणि दर २८ दिवसांनी हे पुन्हा करावं लागतं. म्हणजे दंडाचं यंत्र घरात लागतंच. तिसरा, पिशवीही नाही आणि शिकवणंही नाही, पण बटण दाबलं की १२०/८० च्या आसपासचा आकडा. त्याच्याकडे रक्तदाब म्हणून पाहूच नका. ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सोय आणखी वेगळी आहे. ती आकडा देतच नाही, ३० दिवसांच्या नोंदी पाहून ‘रक्तदाब वाढलेला असण्याची शक्यता आहे, यंत्राने तपासा’ एवढंच सुचवते. आम्हाला हा प्रामाणिकपणा आवडतो.

वडिलांसाठी आमचा सल्ला सरळ आहे : आधी दंडावरचं चांगलं यंत्र घ्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या उंचीला ठेवून सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. डॉक्टरांना ही वही जितकी उपयोगी पडते तितकं कोणतंच घड्याळ नाही.

घड्याळाचा खरा उपयोग त्यांच्या वयाला दुसऱ्या ठिकाणी आहे, तो म्हणजे ठोक्यांच्या अनियमिततेत. ईसीजी असलेल्या घड्याळात मुकुटावर (बाजूच्या फिरत्या बटणावर) किंवा साध्या बटणावर ३० सेकंद बोट ठेवलं की एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहणारा, आलेख निघतो. एट्रियल फिब्रिलेशन हा अनियमित ठोक्यांचा विकार असा असतो की तो येतो आणि जातो, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं सुरळीत असतं. त्या क्षणी घरी काढलेला आलेख पीडीएफ करून डॉक्टरांना दाखवता येतो. आलेख काढताना बसून, दोन्ही हात टेबलावर टेकवून, न बोलता काढायचा. हात हवेत असले तर स्नायूंची थरथर आलेखात येते आणि ‘निष्कर्ष नाही’ असं उत्तर मिळतं.

हे वाक्य मात्र वडिलांना दोनदा वाचून दाखवा : घड्याळाचा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत दुखत असेल आणि घड्याळ ‘सामान्य’ म्हणत असेल, तरी थेट रुग्णालय गाठायचं.

वडिलांना पेसमेकर असेल तर शरीरातली चरबी आणि पाणी मोजणारी सोय वापरू देऊ नका, कारण त्यात शरीरातून सौम्य वीज सोडली जाते. चुंबकी चार्जरही छातीपासून लांबच ठेवा.

प्रश्न : आई एकटी राहते. पडली तर कळावं म्हणून घड्याळ द्यावं का?

द्यावं, पण तीन गोष्टी स्वतः तपासून. पहिली, पडणं ओळखल्यावर घड्याळ कॉल कशाने करणार? ईसिम (घड्याळातच बसवलेलं सिम, ज्यावर फोनशिवाय कॉल जातो) नसेल तर फोन ब्लूटूथच्या टप्प्यात हवा. भिंती मध्ये आल्या की तो टप्पा दहा मीटरच्याही आत येतो. फोन माजघरात आणि आई अंगणात, असं झालं की सगळं फुकट. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीसाठी ईसिमचं मॉडेलच घ्या, आणि त्याआधी त्यांची मोबाइल कंपनी घड्याळाला तोच नंबर देते का ते विचारा.

दुसरी, ही सोय सुरू आहे का? ॲपल वॉचमध्ये ५५ वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी ती आपोआप सुरू होते, पण जन्मतारीख खरी भरलेली असेल तरच. गॅलेक्सी वॉचमध्ये ‘नेहमी’ हा पर्याय निवडावा लागतो. ‘फक्त व्यायामात’ असं राहिलं तर मोरीत पडल्यावर काहीच होणार नाही. गार्मिनची अपघात ओळखणारी सोय चालणं-पळणं-सायकल अशा नोंदीच्या वेळीच चालते आणि फोनवर अवलंबून असते, म्हणून आईसाठी ती पुरेशी नाही.

तिसरी, चार्जिंगची वेळ. घरात पडण्याचा धोका न्हाणीघरात आणि रात्री उठताना जास्त, आणि लोक नेमकं तेव्हाच घड्याळ काढून ठेवतात. आईने ते दुपारी टीव्ही पाहताना चार्ज करावं. आंघोळीलाही हातात राहू द्यावं. साबणाने रबर लवकर थकेल, पण इथे तो सौदा परवडतो.

जोरात आदळल्यावर घड्याळ आधी विचारतं, आणि ॲपल वॉचमध्ये साधारण मिनिटभर हालचाल दिसली नाही तर आपोआप कॉल जातो. खुर्चीवरून हळूच घसरणं, भिंतीला टेकत खाली बसणं त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून बाजूचं बटण दाबून धरून मदत बोलावणं आईकडून दोन-तीनदा करून घ्या, आणि काउंटडाउन सुरू झाल्यावर ते रद्द कसं करायचं तेही दाखवा.

प्रश्न : घड्याळावर मराठी संदेश चौकोन-चौकोन दिसतात किंवा वेलांट्या भलतीकडे लागतात. उपाय आहे का?

हे दोन वेगळे दोष आहेत. चौकोन दिसतात म्हणजे घड्याळात देवनागरी अक्षरांचा साठाच नाही. अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर येते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात, म्हणजे साठा आहे पण अक्षरं जोडणारा प्रोग्रॅम नाही. हलक्या प्रणालीच्या घड्याळांत जागा वाचवायला तो गाळलेला असतो. ॲपल वॉच आणि वेअर ओएसच्या (गूगलची प्रणाली, सॅमसंग आणि पिक्सेल यांच्या नव्या घड्याळांत असते ती) घड्याळांत देवनागरी नीट दिसतं.

आधी घड्याळाचं फर्मवेअर (आतली प्रणाली) त्याच्या ॲपमधून अद्ययावत करा. मग घड्याळाची भाषा मराठी किंवा हिंदी करून पाहा. काही मॉडेल्स भाषा बदलल्यावरच अक्षरसाठा उतरवून घेतात. तरीही जमलं नाही तर पुढे काही करता येत नाही, ॲप बदलून ते सुटत नाही. नवं घेणाऱ्यांनी दुकानातच आपला फोन जोडून ‘निश्चित, प्रकृती, ज्ञानेश्वर, दुसऱ्या’ असा संदेश स्वतःला मागवून पाहावा. या चार शब्दांत दोन्ही दोष लगेच उघडे पडतात.

प्रश्न : पहिले दोन दिवस सूचना आल्या, मग बंद. घड्याळ जोडलेलं दिसतं.

अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला पडद्यामागची ॲप्स बंद करतो, त्यात घड्याळाचं ॲपही जातं. या क्रमाने जा : फोनच्या सेटिंग्जमध्ये घड्याळाचं ॲप उघडून बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर सुरू करा. नोटिफिकेशन ॲक्सेसमध्ये त्या ॲपचं बटण एकदा बंद करून पुन्हा सुरू करा; ते सुरू दिसत असूनही अडकलेलं असतं. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणं’ ही परवानगीही लागते. शेवटी फोन रीस्टार्ट करा. फोनचं मोठं अपडेट आलं की हे सगळं पुन्हा तपासा.

आयफोनवर ब्लूटूथच्या यादीत घड्याळाच्या नावापुढच्या ‘आय’ खुणेवर टिचकी मारून ‘शेअर सिस्टिम नोटिफिकेशन्स’ सुरू आहे का पाहा. नुसतं ‘नोटिफिकेशन’ असं येत असेल आणि मजकूर दिसत नसेल, तर सूचनांच्या सेटिंग्जमध्ये ‘शो प्रिव्ह्यूज’ हे ‘ऑलवेज’ करा.

कॉलची सोय असलेली बरीचशी हलकी घड्याळं फोनशी दोन जोडण्या करतात, एक माहितीसाठी आणि एक आवाजासाठी. यादीत नाव दोनदा दिसलं म्हणून त्यातलं एक काढून टाकू नका. आणि फोनचा प्रत्येक कॉल घड्याळातच वाजतो ही तक्रार असेल, तर त्यातली आवाजाची जोडणी तेवढी बंद करायची.

प्रश्न : ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल पाण्यात चालेल ना?

नाही. ५ एटीएम म्हणजे स्थिर, स्वच्छ पाण्याचा ५० मीटर खोलीइतका दाब घड्याळाने चाचणीत सोसला. त्यावर पोहता येतं, पण सूर मारणं, पाण्यावरचे वेगवान खेळ आणि डायव्हिंग नाही. डायव्हिंगसाठी ईएन १३३१९ हे मानक वेगळं आहे. नुसतं आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी) लिहिलेलं असेल तर पाऊस, हात धुणं, चुकून पाण्यात पडणं एवढंच धरा.

पाणी आत शिरतं ते बहुतेकदा खोलीमुळे नाही, तर साबण, गरम वाफ आणि वयामुळे. साबण पाण्याचा ताण कमी करतो आणि रबरी सीलच्या फटीतून वाट काढतो. गरम पाण्याने सील फुगतं, नंतर आकसतं. सोना आणि वाफेची खोली तर टाळाच. समुद्राच्या किंवा क्लोरिनच्या पाण्यातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा. पाण्याखाली बटण दाबू नका. आणि बॅटरी बदलायला एकदा उघडलं, की दुरुस्ती करणाऱ्याने नवं सील लावून दाबाची चाचणी केली नसेल तर ते पाण्यात न्यायचं नाही.

प्रश्न : मैत्रीण आणि मी एकत्रच चालतो, तिच्या घड्याळात ५.१ किमी, माझ्यात ५.५. खरं कोणतं?

दोन्ही अंदाज आहेत. आधी पाहा की तुमच्या घड्याळात स्वतःचा जीपीएस आहे का. बऱ्याच स्वस्त घड्याळांत नसतो, ती फोनचा वापरतात किंवा पावलांवरून अंतर काढतात. असेल, तर उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि रेषा नागमोडी होते, अंतर वाढतं. दोन बँडची घड्याळं उपग्रहाच्या दोन लहरी, म्हणजे एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) सोबत एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) ऐकतात. एल५ मध्ये असा आपटून आलेला संदेश वेगळा काढणं सोपं जातं. मोकळ्या रस्त्यावर चालणाऱ्याला मात्र हा फरक जवळजवळ जाणवणार नाही.

निघण्याआधी उघड्यावर उभं राहून घड्याळाने ‘तयार’ म्हणेपर्यंत थांबा, आणि अधूनमधून फोनशी सिंक करत राहा, कारण उपग्रहांच्या जागांची माहिती त्यातूनच येते. खात्री करायची असेल तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या पहिल्या लेनमधून १० फेऱ्या मारा. ४ किमीच्या जितकं जवळ, तितकं घड्याळ विश्वासाचं.

प्रश्न : १०,००० पावलं झाली, ५५० कॅलरी जळल्या असं दिसतं. तेवढं जास्त खाल्लं तर चालेल का?

कॅलरीच्या आकड्यावर ताट वाढू नका. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात मनगटावरची सात उपकरणं तपासली. सातपैकी सहांचे ठोके ५ टक्क्यांच्या आत जुळले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. शिवाय पाहा की ५५० हा आकडा चालण्याचा आहे की दिवसभर नुसतं जिवंत राहण्याच्या खर्चासह. ॲपमध्ये ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘टोटल’ वेगळे असतात.

१०,००० हा आकडाही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या उपकरणाच्या नावातून आला. तुमची सध्याची आठवड्याची सरासरी पाहा आणि तिच्यात हजार-दोन हजारांची भर घाला. ढकलगाडी किंवा बाबागाडी ढकलताना हात हलत नाही, तेव्हा पावलं कमी मोजली जातात, हेही लक्षात असू द्या.

झोपेच्या आकड्यांचंही असंच आहे. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात हे बऱ्यापैकी बरोबर येतं. गाढ झोप ४८ मिनिटं, स्वप्नांची झोप ९२ मिनिटं ही विभागणी हालचाल आणि ठोक्यांवरून काढलेला अंदाज आहे. खरी विभागणी मेंदूच्या लहरी मोजूनच होते. अंथरुणात डोळे मिटून जागं पडून राहिलेला वेळही घड्याळ अनेकदा झोपेत धरतं.

प्रश्न : पट्ट्याखाली लाल चट्टा उठलाय. ॲलर्जी आहे का?

बहुधा ओल आणि साबणाचा अंश. चट्टा पूर्ण बरा होईपर्यंत घड्याळ काढा, पट्टा साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा, आणि पुढे रोज थोडा वेळ मनगट मोकळं ठेवा. घट्टपणा व्यायामापुरताच. बकलच्या किंवा पाठीच्या धातूच्या नेमक्या आकारात चट्टा उठत असेल तर निकेलचा संशय घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खरेदीच्या वेळी २० किंवा २२ मिमीचा साधा, खिटी सरकवून निघणारा पट्टा असलेलं घड्याळ घेतलं तर कापडी पट्टा सहज बदलता येतो. खास आकाराच्या खाचा असलेल्या घड्याळाला त्याच कंपनीचा पट्टा शोधत बसावं लागतं.

घाम साचून चार्जिंगच्या पिना काळ्या पडतात आणि घड्याळ चार्ज होत नाही, त्याचाही उपाय इथेच सांगतो : कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन घड्याळाच्या आणि चार्जरच्या दोन्ही पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा.

प्रश्न : वापरलेलं घड्याळ घ्यायचंय. काय तपासू?

पाठीमागची सेन्सरवरची काच उजेडात तिरकी धरून पाहा. बारीक तडा असेल तर पाणी आत जाणारच. कंपनी त्या मॉडेलला आणखी किती वर्षं अपडेट देणार ते पाहा. ॲपल वॉचमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ असं गेलं की क्षमतेची टक्केवारी दिसते. ८० च्या खाली असेल तर नवी बॅटरी घालण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. इतर घड्याळांत असा आकडा सहसा नसतो, तिथे तासभर जीपीएस लावून किती टक्के उतरते ते पाहा आणि कंपनीने दिलेल्या जीपीएसच्या तासांशी ताडून बघा.

ॲपल वॉच विकणाऱ्याच्या खात्याला कुलूपबंद असतं. नुसतं रीसेट करून ते कुलूप निघत नाही. विकणाऱ्याने स्वतःच्या आयफोनवरून ‘अनपेअर’ करावं लागतं किंवा आपल्या खात्यातून काढून टाकावं लागतं. ईसिम असेल तर त्याचा नंबरही त्याच वेळी काढायला सांगा. हे तुमच्यासमोर झाल्यावर घड्याळ स्वतःच्या फोनला जोडा, ठोके आणि जीपीएस चालतात का पाहा, बोलून माइक आणि स्पीकर तपासा, आणि मगच पैसे द्या.